लाल ठिपका की दुर्बीण: शेतावरच्या एअर रायफलच्या नोंदी

३० मार्च २०२५, पाडवा

मुहूर्त म्हणून आज रायफल माळ्यावरून खाली काढली. .१७७, म्हणजे ४.५ मिमीची, नळी मोडून स्प्रिंग चढवायची, भारतीय बनावटीची. नळीला गंज नाही, सील शाबूत आहे, लाकडाला तेल पाजलं. दोन वर्षं हिला हात लावला नव्हता, त्याचं कारण माझे डोळे. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये .२२ मारायचे तेव्हा फोरसाइटची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटची, टिप सुईच्या टोकासारखी दिसायची. आता एकोणपन्नासाव्या वर्षी डोळ्याजवळच्या बॅकसाइटची खाच धुरकट, टिप त्याहून धुरकट, आणि टार्गेट तेवढं स्वच्छ. उघड्या साइटला खाच, टिप आणि टार्गेट अशी तीन अंतरं डोळ्याने एकाच वेळी सांभाळायची असतात. माझ्या डोळ्यांना ते आता जमत नाही.

मे महिन्यात सई येणार, धाकट्या भावाची मुलगी, तेरा पूर्ण. फोनवर म्हणाली, "आत्या, या सुट्टीत शिकवशील ना? मागच्या वेळी नुसतं बघायला लावलंस."

तर काम असं. रायफल एक, वापरणाऱ्या दोघी. कागदावर १० आणि २५ मीटर, फिरणाऱ्या लोखंडी चकत्यांवर १२ ते ३५ मीटर. पाखरांवर किंवा कुठल्याच जिवावर नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, पण तो नसता तरी या रायफलीने मी ते केलं नसतं. खर्चाची मर्यादा ९,००० रुपये. प्रश्न एकच: वर रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) बसवायचा की स्कोप (दुर्बीण)?

६ एप्रिल

वाई तालुक्यातल्या आमच्या शेतात वरच्या वावराचा ताल (बांध) पुरुषभर उंच आहे. मागे डोंगर, पायवाट नाही. तालाला टेकून विटांची भिंत, तिच्यापुढे चिंध्यांनी ठासून भरलेलं पोतं, त्यावर टार्गेट. टेपने १०, १२, १८, २५, ३५ मीटर मोजून खुंट्या ठोकल्या.

आधी उघड्या साइटने मोजायचं ठरवलं, म्हणजे पुढे सुधारणा झाली की नाही ते कळेल. पाच छर्ऱ्यांचा एक ग्रुप, असे चार ग्रुप. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या, त्यातून ४.५ मिमी वजा करायचे. एकाच ग्रुपवर विसंबायचं नाही, पाच छर्रे नशिबानेही जवळ पडतात.

१० मीटरवर सरासरी १६ मिमी, २५ मीटरवर ५२ मिमी.

पहिले दोन ग्रुप रायफल थेट वाळूच्या पोत्यावर ठेवून मारले आणि ते वाया गेले. स्प्रिंगची रायफल कठीण टेकूवर उसळते. छर्रा अजून नळीतच असतो तेव्हाच सगळी रायफल हललेली असते. तळहात पोत्यावर, तळहातावर पुढचं लाकूड नुसतं टेकवलेलं, बोटं मिटायची नाहीत, अशी धरली तेव्हा ग्रुप जागेवर आले. आपण रायफल धरत नाही, तिला दर वेळी सारखंच हलू देतो. पुढचे सगळे आकडे याच पद्धतीचे आहेत.

१३ एप्रिल

रेड डॉट आला. ३ एम.ओ.ए.चा ठिपका (एम.ओ.ए. हे कोनाचं बारीक माप), २० मिमीची काच, रायफलीवरच्या ११ मिमीच्या खाचेत बसणारा माउंट (पकड) धरून २,६०० रुपये. माउंटसकट वजन १४० ग्रॅम, रायफलीला कळतही नाही.

रचना साधी आहे. आत एक बारीक लाल दिवा, पुढे किंचित वक्र काच, आणि तिच्यावर फक्त लाल रंग परतवणारा मुलामा. दिवा त्या काचेच्या नाभीवर, म्हणजे फोकसवर, असल्याने परत येणारे किरण समांतर होतात आणि डोळ्याला ठिपका दूर, टार्गेटच्या बाजूला असल्यासारखा दिसतो. म्हणून डोळ्याला एकाच अंतरावर बघायचं राहतं. चाळिशीच्या पुढच्या माणसाला या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग तो आहे, असं वाचून मी मोठ्या आशेने डोळा लावला.

ठिपका नव्हताच. जोंधळ्याच्या कणसासारखं काहीतरी तिरकं, लाल, कडेने फुटलेलं. यंत्रच सदोष आहे असं धरून मी रात्री परत पाठवायचा अर्जही भरला, पाठवला मात्र नाही.

१४ एप्रिल

सकाळी रेड डॉटमागे मोबाइलचा कॅमेरा धरला. पडद्यावर ठिपका गोल, कडा स्वच्छ. म्हणजे यंत्र ठीक आहे, वेडावाकडा आहे तो माझा डोळा. उजव्या डोळ्याला सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर, १.२५ आहे हे मला माहीत होतं, पण त्याचा इथे एवढा फरक पडेल हे लक्षात आलं नव्हतं. घेण्याआधी ज्यांना दुकानात डोळा लावून बघता येईल त्यांनी जरूर बघावं. नाहीतर अंधारात दूरचा एखादा बारीक दिवा बघावा. तो चांदणीसारखा फुटत असेल तर ठिपकाही फुटणार.

दिवसभरात तीन उपाय करून पाहिले.

उजेड कमी केला. सहाव्या पायरीवरून तिसरीवर आणला तर कणसाचं साधारण निम्मं झालं.

चष्मा बदलला. रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकाच भिंगात. गाल बटवर (रायफलीच्या मागच्या लाकडावर) टेकला की नजर भिंगाच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते आणि तिथे तो नंबर नीट नसतो. ड्रॉवरमधला जुना, फक्त लांबच्या नंबरचा चष्मा लावला आणि ठिपका जवळजवळ गोल झाला.

तिसरा उपाय चष्म्यावर काळी चिकटपट्टी लावून तिला सुईने दीडेक मिमीचं भोक पाडण्याचा. त्यातून ठिपका अगदी गोल! बारीक भोकातून डोळ्याच्या मधल्या भागातले किरण तेवढे आत जातात, कडेची वाकडी वाट बंद होते. पण उजेड इतका कमी होतो की संध्याकाळी काही दिसत नाही, आणि एक डोळा असा झाकला की दोन्ही डोळे उघडे ठेवून मारायची रेड डॉटची सोय जाते. पट्टी काढली. जुना चष्मा कायम.

२० एप्रिल

रेड डॉट २५ मीटरवर झिरो केला, म्हणजे नेम धरलेल्या जागीच छर्रा पडेल असा जुळवला. सरासरी ४१ मिमी. ५२ वरून ४१ ही सुधारणा आहे, पण मला जास्त हवी होती.

गणित मांडलं. एक एम.ओ.ए. म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २९ मिमी, २५ मीटरवर ७.३ मिमी. तीनचा ठिपका २५ मीटरवर २२ मिमी जागा झाकतो. मी ज्या १५ मिमीच्या काळ्या बिंदूवर नेम धरत होते तो ठिपक्याखाली पूर्ण गडप होत होता. मधोमध आहे की कडेला, मला कळायला मार्गच नव्हता.

मग आपल्या कोल्हापूरकडच्या नेमबाजांची आठवण झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. त्या टार्गेटचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. ५० मीटरवरून ते पाऊण एम.ओ.ए.सुद्धा भरत नाही, म्हणजे साध्या डोळ्याला वेगळं दिसणंच अवघड. आणि त्या खेळात मोठं करून दाखवणाऱ्या साइटला परवानगी नाही. मग हे लोक नेम धरतात कशावर? दहावर धरतच नाहीत. ११२ मिमीचा सगळा काळा गोल पुढच्या साइटच्या कड्यात मधोमध बसवतात आणि भोवतालची पांढरी कडी चहूबाजूंनी सारखी आहे ना ते बघतात. बारीक बिंदू दिसला नाही तरी कडीची जाडी एका बाजूला कमी झाली की डोळा लगेच ओळखतो. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली ती याच तऱ्हेच्या साइटवर. टीव्हीवर बघताना मला वाटायचं, या मुलींची नजर किती तीक्ष्ण असेल.

दुपारी मार्करने नवं टार्गेट काढलं. बाहेर ६० मिमीचा काळा गोल, आत ३५ मिमीचा पांढरा. लाल ठिपका पांढऱ्यात बसवायचा आणि भोवतालचा पांढरा काठ सारखा ठेवायचा. तीच रायफल, तेच छर्रे, तीच मी. सरासरी ३१ मिमी.

आजचा सगळ्यात आनंदाचा आकडा हा.

२७ एप्रिल

मावसभावाकडून स्कोप आणला, ४×३२ (चारपट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ३२ मिमीचं), बारीक आणि हलका. त्याच्या .२२ वर होता. माउंट बसवून २५ मीटरवर मारायला घेतला आणि पहिल्या ग्रुपलाच २६ मिमी. उत्साह आला, मारत राहिले.

साठाव्या छर्ऱ्याच्या आसपास स्कोपमधली नेम धरायची फुली किंचित तिरकी वाटली. रायफलच तिरकी धरली असेल म्हणून ओळंबा लावून पाहिलं. रायफल सरळ, फुली तिरकी. हलवून पाहिलं तर आत काहीतरी खुळखुळतंय.

ही चूक माझी, कारण हे मला आधी वाचून माहीत असायला हवं होतं. बारुदाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेने, मागे बसतो. स्प्रिंगच्या रायफलीत आधी जड पिस्टन पुढे सुटतो म्हणून रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की ती झटकन पुढे जाते. असा दुहेरी झटका, तोही उलटसुलट. स्कोपमधली भिंगं आणि फुलीची चकती मागच्या धक्क्याच्या बेताने बसवलेली असतात, पुढच्या झटक्याला ती सुटतात. .३०-०६ सारख्या जोरदार बारुदी रायफलीवर वर्षानुवर्षं टिकणारा स्कोप स्प्रिंग एअर रायफलवर आठवड्यात निकामी होऊ शकतो. मावसभावाला फोन केला, भरपाई देते म्हटलं. तो नको म्हणाला, मी दिली. ९,००० मधून नाही, वेगळी.

त्याच रात्री ३-९×४० स्कोप मागवला. 'स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य' असं लेखी घेतलं. पुढच्या भिंगावर अंतर जुळवायचं कडं आहे, ते १० यार्डांपासून सुरू होतं. माउंटसकट ६,१०० रुपये.

४ मे

सई काल आली. आज आधी दोन तास छर्रा न भरता, फक्त नियम. नळी सदैव तालाकडे. ट्रिगरवर बोट नेम धरल्यावरच. दोघींनाही संरक्षक चष्मा, कारण शिशाचा छर्रा लोखंडावरून उलटून येऊ शकतो. नळी मोडलेली असताना तिच्यावरचा हात सोडायचा नाही. स्प्रिंग चढवणं तिच्या ताकदीबाहेरचं आहे, ते मी करणार.

मग रेड डॉटवर बसवलं. पहिला प्रश्न: "आत्या, तू म्हणालीस तसं कणीस नाही दिसत. गोल आहे की!"

कोवळे डोळे. तिला डोकं कुठे ठेवायचं ते सांगावंही लागलं नाही. रेड डॉटला डोळा काचेपासून ठरावीक अंतरावर लागत नाही. ही रायफल मोठ्या माणसाच्या मापाची, तिचे हात आखूड, त्यामुळे बट खांद्यावर नीट बसत नाही आणि डोकं कधी पुढे, कधी मागे. तरीही ठिपका दिसतोच. स्कोपला डोळा ८ ते ९ सेंटिमीटरवर लागतो, इकडेतिकडे झाला की काळी चंद्रकोर येते. लहान मुलासाठी हा फरक वजनापेक्षा किंवा किमतीपेक्षा मोठा आहे असं माझं आजचं मत.

२५ मीटरवर तिचे चार ग्रुप, सरासरी ४८ मिमी. पहिल्या दिवसाला उत्तम.

११ मे

नवा स्कोप बसवायला अख्खी सकाळ गेली. हा भाग सविस्तर लिहिते, कारण इथे केलेली घाई पुढे महिनाभर छळते.

दहा मीटरवर ओळंबा टांगला. रायफल गवंड्याच्या लेव्हलने सरळ केली आणि स्कोपची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर येईपर्यंत स्कोप माउंटच्या कड्यात फिरवला. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. माउंटची खुंटी रायफलीवरच्या तिच्या भोकात उतरली आहे याची खात्री केली. झटक्याने स्कोप मागे सरकतो, त्याला ही खुंटी अडवते. माउंटच्या कडेला सईच्या नेलपॉलिशची रेघ मारली, सरकला तर दिसेल.

स्कोपवरचे नेम जुळवायचे बुरूज मधोमध ठेवून पहिला छर्रा मारला, तो २५ मीटरवर ७० मिमी खाली. नळी मोडणाऱ्या रायफलींत हे सर्रास दिसतं, नळी मुळातच जरा खाली झुकलेली असते. बुरूज फिरवत नेऊन भागलं असतं. पण एका टोकाला नेला की आतल्या स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि झिरो भटकत राहतो. त्याऐवजी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून मागच्या कड्यात स्कोपखाली घातला. पत्रा ०.१ मिमीचा, दोन कड्यांमधलं अंतर ७० मिमी, म्हणजे एका पट्टीने २५ मीटरवर ३६ मिमी वर यायला हवं. दोन पट्ट्या घातल्या. ७१ मिमी वर आला. गणित असं कागदावरून वावरात उतरलं की फार बरं वाटतं.

उरलेलं काम बुरुजाच्या क्लिकांनी. पाव एम.ओ.ए.चा क्लिक, २५ मीटरवर जेमतेम २ मिमी.

संध्याकाळी शेजारचे सुभेदार काका आले. पंचाहत्तरीचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. स्कोपला डोळा लावून म्हणाले, "पोरी, भोक दिसतंय गं इथनं! आम्ही टार्गेटापर्यंत पळत जाऊन बघायचो." मग ९ वर फिरवलं आणि म्हणाले, "आता मात्र लई नाचतंय." त्यांच्या या एका वाक्यावर पुढचा आठवडा गेला.

१८ मे

सकाळी पाऊस नव्हता, म्हणून उरकून घेतलं. २५ मीटर, चार-चार ग्रुप.

४× वर मी २४ मिमी, सई ३९.
९× वर मी २३ मिमी, सई ४४.

माझ्या बाबतीत चारवरून नऊवर जाऊन एक मिलिमीटर मिळाला, म्हणजे काहीच नाही. सईचा आकडा उलट बिघडला. तिच्याशेजारी बसून तिचं बोट बघत राहिले. ९× वर फुली काळ्या गोलावरून इकडून तिकडे जाते, ती गोलावर आली की सई ट्रिगर खेचते. खेचते म्हणून रायफल हलते. हात तेवढाच हलतो आहे, फक्त नऊपट दिसतो आहे. रेड डॉटवरही तो हलतच होता, तेव्हा तिला त्याची भीती नव्हती.

"सई, फुली हलू दे. तिला पकडू नको. तू फक्त बोट हळूहळू मागे आण."

"पण ती बाहेर जाते ना आत्या."

"जाऊ दे. परत येते."

हे सांगायला सोपं आहे. मला स्वतःला एन.सी.सी.च्या तिसऱ्या कॅम्पात कळलं होतं. ९× बंद केलं, पुन्हा ४×. दुपारपर्यंत तिचे ग्रुप ३५ वर.

मग मला छळणारा प्रश्न तपासला: पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमाची खूण टार्गेटवरून सरकणं. रायफल वाळूच्या पोत्यांत घट्ट रोवली, १० मीटरवर नेम धरून ठेवला आणि रायफलीला न शिवता फक्त डोकं हलवलं. माउंट आलटून पालटून दोन्ही यंत्रं पाहिली.

रेड डॉटच्या डब्यावर 'पॅरलॅक्स फ्री' छापलंय. ठिपका दोन्ही बाजूंना ७-८ मिमी सरकला. अर्थात सरकणारच. किरण समांतर आहेत, डोळा जेवढा बाजूला जाईल तेवढाच ठिपका बाजूला जाणार. जमेची बाजू ही की चूक काचेच्या अर्ध्या रुंदीपेक्षा, म्हणजे १० मिमीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. १०० मीटरवर ती कोणाला जाणवणार नाही, पण १० मीटरवर जिथे माझा ग्रुपच १४ मिमी आहे तिथे ती सगळा खेळ आहे. उपाय: ठिपका काचेच्या मधोमध ठेवूनच मारायचा.

स्कोपचं कडं १०० यार्डांवर ठेवलं तर १० मीटरवर फुली रेड डॉटपेक्षाही जास्त, १३ मिमीपर्यंत सरकली. तेच कडं १० यार्डांच्या खुणेजवळ आणलं तर सरकणं जवळजवळ थांबलं. म्हणजे कडं नसलेला, बंदुकीच्या अंतरांसाठी बनवलेला स्वस्त स्कोप १० मीटरवर रेड डॉटपेक्षा वाईट ठरू शकतो. एअर रायफलला स्कोप घेणाऱ्याने कितीपट मोठं दिसतं हे नंतर विचारावं, हे कडं आहे का ते आधी.

२६ मे

पाऊस. यंदा मे महिन्यातच वावरात पाणी. मान्सून आज मुंबईत पोचल्याची बातमी आली. ओढा लाल झालाय, शेतात जाणं बंद.

सईला घरात बसून कंटाळा आला म्हणून रेड डॉटचा जन्म सांगितला. इ.स. १९०० मध्ये डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी ही कल्पना मांडली: काचेवर परावर्तित झालेली खूण, जी डोळ्याला टार्गेटाच्याच अंतरावर दिसेल. ती पुढे विमानांवर वापरली गेली. रायफलीवर आजच्या रूपात विकायला आली ती १९७५ मध्ये, स्वीडनच्या एमपॉइंटकडून.

आणि या ग्रबच्या कारखान्याचा पुण्याशी संबंध आहे! पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सी.ओ.ई.पी.त, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण ग्रबच्या कारखान्यातली, त्या काळातली भारतातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. मोठं करून दाखवणारी दुर्बीण आणि अजिबात मोठं न करणारा लाल ठिपका या दोन्हींवर एकाच माणसाचं डोकं चाललं होतं. सईला हे आवडलं. मलाही दोन महिने दोन बाजूंना उभी केलेली ही यंत्रं एका घरची निघाली याचं समाधान वाटलं.

१ जून

उघडीप. चकत्या लावल्या, ४० मिमीच्या, १२ ते ३५ मीटरपर्यंत दहा. अंतर सांगायचं नाही, ओळीनेही मारायचं नाही. मी बोट दाखवेन ती.

सई, रेड डॉट: दहापैकी ७. खांद्याला लावल्यापासून ट्रिगरपर्यंत साधारण ४ सेकंद.
सई, स्कोप ४×: दहापैकी ६, साधारण ७ सेकंद. दोन वेळा चकती सापडेपर्यंत हात थकला.
मी, रेड डॉट: ६. मी, स्कोप: ८.

मधेच रेड डॉट मिटला. झटक्याने बटण सेल क्षणभर पत्र्यापासून सुटत होता. सेलखाली चांदीच्या कागदाची घडी घातली, थांबलं. स्कोपला सेलच नाही, हा त्याचा गुण दर पावसाळ्यात आठवेल.

दोघींचे हुकलेले जवळजवळ सगळे ३० आणि ३५ मीटरवरचे. नेम चुकला नव्हता, छर्रा खाली गेला होता. २५ ला झिरो केलं की १० ला ३ मिमी खाली, १८ ला जवळपास १० मिमी वर, आणि ३५ ला थेट ५० मिमी खाली पडतो. रेड डॉटमध्ये हे ५० मिमी अंदाजाने वर धरावे लागतात, रिकाम्या मातीवर. स्कोपच्या फुलीखाली बिंदूंच्या खुणा आहेत. पण माझ्या स्कोपमध्ये मोठेपणा बदलला की त्या खुणांचं मापही बदलतं. ९ वर पहिला बिंदू म्हणजे ३५ मीटरवर ३५ मिमी, ४ वर जवळपास ७९ मिमी. मग ६ वर? हिशोबाने ५२ मिमी.

स्कोप ६ वर ठेवला, पहिला बिंदू ३५ च्या चकतीवर धरला. टण्! सईला दिला. पहिला हुकला, दुसरा टण्, तिसरा टण्. ती उठून नाचली. (नळी मोडलेली होती, मी बघितलं.)

८ जून

निर्णय.

दोन्ही आलटून पालटून वापरता येतील असं वाटलं होतं. नाही. ११ मिमीच्या खाचेतून माउंट काढून परत लावला की झिरो हलतो, दर वेळी पंधरा-वीस छर्रे जातात आणि तेवढ्यात उजेड मावळतो.

रायफलीवर स्कोप राहणार, ६ वर. माझ्या डोळ्यांना फुलीची काळी रेघ ठिपक्यापेक्षा सोपी जाते. ती काचेवर कोरलेली आहे, फुटत नाही, आणि मागच्या भिंगाचं कडं फिरवून माझ्या नंबराला जुळवता येते. तिन्हीसांजेलाही ६ वर पुरेसा उजेड येतो. ४० ला ६ ने भागलं की साडेसहा मिमीचा किरणांचा झोत, तेवढी बुबुळं आता माझी उघडतही नसतील. शिवाय भोक दिसतं. प्रत्येक छर्रा कुठे गेला ते सईला जागेवरून कळतं आणि ती पुढच्या वेळी स्वतः सुधारते.

रेड डॉट मोडीत काढलेला नाही. शिकण्याचे पहिले दोन आठवडे त्यानेच सोपे केले. पहिल्याच दिवशी स्कोप दिला असता तर काळ्या चंद्रकोरीशी भांडण्यात तिचा उत्साह संपला असता, असं मला मनापासून वाटतं. एवढ्या वयाच्या मुलाला शिकवणाऱ्याने रेड डॉटनेच सुरुवात करावी, मोठ्या गोलाचं टार्गेट द्यावं. माउंटसकट डब्यात भरून ठेवलाय, सेल काढून.

सई पुण्यात १० मीटरच्या क्लबात नाव घालणार आहे. तिथे ना ठिपका, ना दुर्बीण. बारीक भोकाची साइट आणि मधोमध काळा गोल. टार्गेटचं दहा तिथे अर्ध्या मिलिमीटरचं. तिला सांगितलं, तुझं एप्रिलमधलं ते मार्करने काढलेलं टार्गेट आठव. "ते तू काढलंस आत्या, मी तेव्हा नव्हते," म्हणाली. खरं आहे. तो कागद तिच्या बॅगेत घातला.

१५ जून

झिरोचा तक्ता बटच्या आतल्या बाजूला चिकटवला. १० ला ३ खाली, १८ ला १० वर, २५ ला शून्य, ३५ ला पहिला बिंदू. नेलपॉलिशची रेघ जागेवर आहे, ४०० हून जास्त छर्ऱ्यांनंतर. खर्च एकूण ८,७००.

तक्त्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी एक ओळ निघाली, सईने जाण्याआधी लिहिलेली: "३० ला पहिल्या बिंदूच्या अर्ध्यावर. मी मारून बघितलंय. सई."

मी आज मारून पाहिलं. बरोबर आहे.